चादरघाटचे हेडमास्तर : मार्माड्यूक पिक्थॉल

वाचकहो, आपल्या नांदेड-लातूर भागातील वडीलधाऱ्या मंडळींच्या बोलण्यात हैदराबादचे नाव अजूनही वरचेवर येते. त्याला कारणही तसेच आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे. वरच्या कोर्टातले अपील असो, नोकरीचा अर्ज असो की मॅट्रिकनंतरचे शिक्षण असो, वाट हैदराबादचीच धरावी लागे. नांदेडहून मीटरगेजची गाडी त्या शहराला जात असे. तेथील काचीगुडा स्टेशनापासून जवळच, मुसी नदीच्या काठी, चादरघाट नावाची वस्ती आहे. या चादरघाटच्या सरकारी हायस्कुलात १९२५ साली एक इंग्रज गृहस्थ हेडमास्तर म्हणून रुजू झाले. त्यांचे नाव मार्माड्यूक विल्यम पिक्थॉल.

हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी वाचलेले आहे. कुरआन शरीफचा इंग्रजी तर्जुमा ज्या घरात किंवा मशिदीच्या कपाटात असेल, तेथे पहिल्या पानावर बहुधा हेच नाव छापलेले असते. पण हा माणूस शाळामास्तर होता, आणि तोही आपल्याच जुन्या राज्यातला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांचे चरित्र थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

बालपण आणि अपयश

पिक्थॉल यांचा जन्म ७ एप्रिल १८७५ रोजी लंडन येथे झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते आणि इंग्लंडच्या सफोक परगण्यातील चिलसफर्ड या लहानशा गावी त्यांची नेमणूक होती. १८८१ मध्ये वडील वारले. खेड्यातले घर सोडून आईने मुलांसह लंडन गाठले. पुढे मार्माड्यूकला हॅरो या नामांकित शाळेत घातले. विन्स्टन चर्चिल हे त्याच शाळेत त्याच काळात शिकत होते. परंतु या शाळेत मुलाचे मन रमले नाही. भाषांची त्याला विलक्षण आवड होती. आपण परदेशी वकिलातीत नोकरी करावी अशी त्याची इच्छा होती. त्यासाठी त्याने परीक्षा दिली आणि त्या परीक्षेत तो नापास झाला.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. घरात वडील नाहीत, आईच्या सगळ्या आशा मुलावर, आणि मुलगा नापास. आपल्या गल्लीत हे चित्र दर वर्षी निकालाच्या दिवशी दिसते. फरक इतकाच, की आपल्याकडे दुसऱ्या दिवशी मुलाला गॅरेजवर नाही तर बेकरीत बसवितात. त्या मुलाच्या आईने त्याला प्रवासाला जाऊ दिले.

पूर्वेची वाट

१८९४ च्या सुमारास, अवघ्या एकोणीस वर्षांच्या वयात, पिक्थॉल इजिप्तमार्गे पॅलेस्टाइनला गेले. तिकडची भाषा शिकून पुन्हा नोकरीचा प्रयत्न करावा असा बेत होता. तेथील युरोपियन मंडळी आपल्या वसाहतीत, आपल्या क्लबात राहत. या तरुणाने मात्र वेगळा मार्ग धरला. त्याने अरबी वेष केला, घोडा घेतला आणि खेड्यापाड्यांतून, पॅलेस्टाइन आणि सीरियाच्या डोंगरांतून तो हिंडत राहिला. सराईत मुक्काम करावा, शेतकऱ्यांबरोबर जेवावे, दुभाष्यांशी आणि खेचरवाल्यांशी गप्पा माराव्यात, असा त्याचा दिनक्रम होता. व्याकरणाच्या पुस्तकातून जी अरबी आली नसती, ती त्याला या लोकांकडून आली. हे अनुभव पुढे १९१८ साली त्यांनी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

याच प्रवासात दमास्कस येथे घडलेली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तेथील उमय्या मशिदीत हा तरुण वृद्ध शेखांकडे अरबी शिकण्यासाठी जात असे. इस्लामची शिकवण त्याच्या मनात इतकी उतरली, की आपण आताच मुसलमान होतो, असे त्याने शेखसाहेबांना सांगितले. दुसरा कोणी असता तर आनंदाने तयार झाला असता. शेखसाहेबांनी मात्र त्याला थांबविले. तू अजून लहान आहेस, घरी तुझी आई आहे, तिला काय वाटेल याचा विचार कर, वय वाढू दे आणि मग ठरव, अशा आशयाचा सल्ला त्यांनी दिला. स्वतःच्या मुलाला कोणी असे फितविले तर आपल्याला कसे वाटेल, हेही त्यांनी बोलून दाखविले. पिक्थॉल हा सल्ला आयुष्यभर विसरले नाहीत. माझ्या मते शिक्षक कसा असावा याचा तो पहिला पाठ त्यांना तेथे मिळाला. शिष्याच्या भल्यासाठी जो स्वतःचा आनंद पुढे ढकलतो, तोच खरा उस्ताद.

लेखक आणि मुसलमान

१८९६ मध्ये ते इंग्लंडला परतले आणि त्याच वर्षी म्युरिएल स्मिथ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतर त्यांनी लेखनावर उपजीविका केली. १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या सईद नावाच्या कोळ्याच्या कादंबरीने त्यांना कीर्ती मिळवून दिली. १९१३ साली ते तुर्कस्तानात जाऊन राहिले आणि तुर्की भाषा शिकले. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले आणि तुर्कस्तान इंग्लंडचा शत्रू ठरला. युद्धाच्या धामधुमीत शत्रूची बाजू समजावून सांगणारा माणूस कोणाला आवडणार? पिक्थॉल यांच्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. तरीही त्यांनी आपले मत बदलले नाही.

२९ नोव्हेंबर १९१७ रोजी लंडनमधील एका व्याख्यानात त्यांनी आपण इस्लाम स्वीकारल्याचे जाहीर केले. दमास्कसच्या शेखसाहेबांच्या सल्ल्याला वीसहून अधिक वर्षे लोटली होती. त्या वेळी ते बेचाळीस वर्षांचे होते.

मुंबईचे दिवस

१९२० साली मुंबईहून त्यांना बोलावणे आले. 'बॉम्बे क्रॉनिकल' हे सर फिरोजशहा मेहता यांनी सुरू केलेले राष्ट्रीय वृत्तीचे इंग्रजी दैनिक होते. त्याचे पूर्वीचे संपादक हॉर्निमन हेही इंग्रजच. त्यांना सरकारने १९१९ मध्ये हद्दपार केले होते. त्या खुर्चीवर आता पिक्थॉल येऊन बसले. खिलाफत आणि असहकार यांचे ते वादळी दिवस. महात्मा गांधींच्या मार्गावर त्यांची श्रद्धा बसली. राज्य ज्यांचे त्यांच्यातलाच एक माणूस त्या राज्याविरुद्ध अग्रलेख लिहीत होता. मुंबईतच ते उर्दू शिकले, आणि सभांतून त्या भाषेत बोलू लागले. वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर नवी भाषा शिकणे किती कठीण, हे आपण शिक्षक चांगले जाणतो.

१९२४ मध्ये वृत्तपत्रावर झालेल्या एका खटल्यात जबर दंड झाला आणि पिक्थॉल यांनी संपादकपद सोडले. आता पुढे काय, हा प्रश्न होता. त्याचे उत्तर हैदराबादेहून आले.

हेडमास्तर

हैदराबादचे त्या वेळचे राजे मीर उस्मान अली खान यांच्या राज्यात नव्या शाळा निघत होत्या. उस्मानिया विद्यापीठ नुकतेच सुरू झाले होते. पिक्थॉल यांना चादरघाट हायस्कूलचे प्रमुख नेमण्यात आले. जगभर नावाजलेला कादंबरीकार, काल-परवापर्यंत मोठ्या दैनिकाचा संपादक, आणि आता हजेरीपट, वेळापत्रक, वर्गतपासणी! पण त्यांनी हे काम कमी लेखले नाही.

त्या शहराचे स्वरूप ध्यानात घ्यावे. गल्लीत उर्दू, बाजारात तेलुगू, आणि राज्याच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्यांच्या घरी मराठी व कानडी. अशा शहरात हा इंग्रज मास्तर उर्दूतून बोले, नमाज-रोजा पाळी आणि तेथल्या लोकांत मिसळून राही. साहेबांच्या वसाहतीत वेगळे राहण्याची सवय त्यांना तरुणपणापासूनच नव्हती.

शाळेखेरीज आणखी एक काम त्यांच्याकडे आले. जानेवारी १९२७ पासून हैदराबादेहून 'इस्लामिक कल्चर' हे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले. त्याचे संपादक पिक्थॉल. देशोदेशीच्या विद्वानांचे लेख मिळवावेत, तपासावेत, प्रुफे वाचावीत, आलेल्या ग्रंथांची परीक्षणे स्वतः लिहावीत, असा तो व्याप होता. राज्याच्या मुलकी सेवेत शिरणाऱ्या तरुणांच्या शिक्षणाची जबाबदारीही पुढे त्यांच्यावर आली. मद्रासला जाऊन त्यांनी इस्लामी संस्कृतीवर दिलेली व्याख्याने पुस्तकरूपाने प्रसिद्ध आहेत. त्यांत विद्येवर त्यांचा फार भर आहे. मुसलमान मागे पडले ते विद्या सोडल्यामुळे, असे त्यांचे मत होते.

महत्कार्य

कुरआन शरीफचे इंग्रजी तर्जुमे त्यापूर्वीही झाले होते. सेल यांचा १७३४ चा आणि रॉडवेल यांचा १८६१ चा तर्जुमा प्रसिद्ध आहे. पण हे भाषांतरकार मुसलमान नव्हते. इंग्रजी ही ज्याची मातृभाषा आणि इस्लाम हा ज्याचा धर्म, अशा माणसाने हे काम करावे, ही ओढ पिक्थॉल यांना लागली होती. शाळा सांभाळून हे होणे शक्य नव्हते. १९२८ मध्ये निजामाने त्यांना दोन वर्षांची भरपगारी रजा दिली.

काम पूर्ण होताच छापून मोकळे होण्याची घाई त्यांनी केली नाही. ते इजिप्तला गेले. अरबी ज्यांची मातृभाषा आहे अशा जाणकाराबरोबर बसून त्यांनी शब्दन् शब्द पुन्हा तपासला. कैरोच्या अल-अझहरमध्ये त्या वेळी कुरआनचे भाषांतर करावे की नाही यावरच वाद होता. पिक्थॉल स्वतःही म्हणत, की कुरआनचे भाषांतर होऊच शकत नाही, होतो तो केवळ अर्थ सांगण्याचा प्रयत्न. म्हणूनच त्यांनी आपल्या ग्रंथाच्या नावात 'अर्थ' हा शब्द घातला. ग्रंथ १९३० साली प्रसिद्ध झाला. पुढे १९३८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, हैदराबादच्या सरकारी छापखान्यातून मूळ अरबीसह त्याची दोन खंडांची आवृत्ती निघाली.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. निजामाच्या राज्याविषयी पिक्थॉल यांचे मत फार चांगले होते. पण ज्या तिजोरीतून ही दोन वर्षांची रजा मिळाली, ती भरण्यात नांदेड-उस्मानाबादच्या कुणब्यांच्या शेतसाऱ्याचाही वाटा होता, आणि त्या कुणब्यांच्या मुलांना गावात शाळा नव्हती. जेथे शाळा होती, तेथे वरचे शिक्षण घरी न बोलल्या जाणाऱ्या उर्दूतून घ्यावे लागे. त्याच काळात उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा येथे दुसरे एक हेडमास्तर राष्ट्रीय शाळा चालवीत होते. ते स्वामी रामानंद तीर्थ. तेही या मातीत बाहेरूनच आलेले. पुढे निजामी राजवटीविरुद्धचा लढा त्यांनी उभारला, आणि नांदेडच्या विद्यापीठाला १९९४ साली त्यांचेच नाव मिळाले. दोन मास्तर, एकच राज्य, दोन वाटा. एकाचा आदर करताना दुसऱ्याला विसरावे, असे मला वाटत नाही. दोघेही आपले.

अखेर

१९३५ च्या आरंभी पिक्थॉल सेवानिवृत्त होऊन इंग्लंडला परतले. १९ मे १९३६ रोजी कॉर्नवॉलमधील सेंट आइव्ह्ज येथे त्यांचे निधन झाले. सरे परगण्यातील ब्रूकवुडच्या मुस्लिम कबरस्तानात त्यांना दफन करण्यात आले. कुरआनचे दुसरे प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरकार, आपल्या भारतात जन्मलेले अब्दुल्ला यूसुफ अली, यांची कबरही तेथेच आहे. ते १९५३ मध्ये वारले. एक इंग्रज भारतात येऊन राबला, एक भारतीय इंग्लंडमध्ये अखेरचा श्वास घेता झाला, आणि दोघे एकाच मातीत विसावले.

आपण काय घ्यावे?

वाचकहो, आपल्या समाजातील काही मंडळी मला विचारतात, की मास्तर, तुम्ही उर्दू घरातले असून मराठीत का लिहिता? माझे उत्तर पिक्थॉल यांच्या चरित्रात आहे. अरबी, तुर्की, उर्दू शिकताना त्यांची इंग्रजी कमी झाली नाही. उलट तिचे सोने झाले. मराठीला आणि इंग्रजीला घाबरून आपली मुले मागल्या बाकावर बसतात, हे मी रोज वर्गात पाहतो. ती भीती आधी आपल्या मनातून गेली पाहिजे. एके काळी मराठी मुलाला उर्दूचे ओझे वाहावे लागले, ते चूक होते. म्हणून आज उर्दू मुलाने मराठीकडे ओझे म्हणून पाहावे, हेही बरोबर नाही.

दुसरी गोष्ट अपयशाची. माझ्या वर्गातला एक मुलगा गेल्या वर्षी दहावीला गणितात राहिला आणि शाळेकडे फिरकेनासा झाला. वडील नाहीत, आई शिवणकाम करते. मी त्याच्या घरी गेलो, चहा घेतला आणि हॅरोच्या शाळेतल्या त्या मुलाची गोष्ट त्याला सांगितली. त्याने फारसे काही विचारले नाही. मात्र त्याच्या आईने विचारले, त्या मुलाच्या आईने काय केले? मी सांगितले, तिने धीर धरला. दोन दिवसांनी फेरपरीक्षेचा अर्ज भरण्यासाठी मायलेक दोघेही शाळेत आले.

मुलाचा निकाल काय लागला, हे येथे सांगत नाही, कारण गोष्ट निकालाची नाही. आपल्या संस्थेच्या शाळा ज्या देणग्यांवर उभ्या आहेत, त्या देणाऱ्यांना एवढीच विनंती, की गुणवंतांच्या सत्काराबरोबर नापास झालेल्यांच्या घराचाही पत्ता विचारावा. दमास्कसच्या शेखसाहेबांनी एका परक्या मुलाच्या आईचा विचार केला होता. आपल्याला तर आपल्याच गल्लीतल्या आयांचा विचार करायचा आहे.

अल्लाह या थोर शिक्षकास जन्नत नसीब करो.