कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी मंत्रिपद सोडणारे व्ही. व्ही. गिरी

१० ऑगस्ट ही माजी राष्ट्रपती वराहगिरी वेंकट गिरी यांची जयंती. शाळेतल्या राष्ट्रपतींच्या तक्त्यात चौथा फोटो त्यांचा असतो, तेवढीच त्यांची ओळख बहुतेकांना आहे. पण कर्मचाऱ्यांना मिळालेल्या पगाराच्या निकालात सरकारने बदल केला म्हणून हा माणूस केंद्रातलं मंत्रिपद सोडून घरी गेला होता.

गिरींचा जन्म १८९४ चा, ओडिशातल्या बरहमपूरचा. घर तेलुगू, वडील वकील. कायदा शिकायला ते आयर्लंडला गेले. तिथे इंग्रजांविरुद्धची चळवळ जवळून बघितली आणि १९१६ मध्ये परत आले. पुढे गांधीजींच्या असहकारात वकिली सोडली आणि रेल्वे कामगारांत काम सुरू केलं.

बंगाल नागपूर रेल्वे ही त्यांची कर्मभूमी. आपली नागपूर-गोंदिया लाईन त्या काळी याच कंपनीकडे होती. कंपनीने कामगार कपात काढली तेव्हा गिरींनी शांततेत संप लढवला. अखिल भारतीय रेल्वेमेन्स फेडरेशनच्या उभारणीतही ते पुढे होते.

१९५२ मध्ये ते नेहरूंच्या मंत्रिमंडळात कामगारमंत्री झाले. मालक आणि कामगारांनी समोरासमोर बसून तोडगा काढावा, कोर्टकचेरी शेवटी, असं त्यांचं धोरण होतं. पण बँक कर्मचाऱ्यांचा वाद न्यायाधिकरणाकडे गेलेला होता. त्या वेळी बँका खासगी होत्या. १९५३ मध्ये शास्त्री न्यायाधिकरणाचा निवाडा आला, त्यावर अपील झालं आणि १९५४ मध्ये अपिलाचा निकाल लागला. बँकांना एवढा बोजा झेपणार नाही म्हणून ऑगस्टमध्ये सरकारने तो निकालच बदलला. कर्मचाऱ्यांच्या पदरात पडलेलं काढून घेतलं गेलं.

गिरींची अडचण साधी होती. कामगारांना संप करू नका, कायद्याने या, असं सांगणारं खातं त्यांचंच. आता कायद्याने मिळालेला निकालही सरकार फिरवणार असेल, तर कर्मचाऱ्याने भरवसा ठेवायचा कुणावर? त्यांनी राजीनामा दिला.

राजीनामा वाया गेला नाही. सरकारला बँक निवाडा आयोग नेमावा लागला. आधी मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष आणि त्यांच्या निधनानंतर साताऱ्याचे न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी ते काम पाहिलं. आयोगाने बराचसा निकाल कर्मचाऱ्यांना परत मिळवून दिला आणि १९५५ मध्ये त्याचा कायदा झाला.

पुढे गिरी उत्तर प्रदेश, केरळ आणि म्हैसूरचे राज्यपाल झाले, नंतर उपराष्ट्रपती. झाकीर हुसेन यांच्या निधनानंतर १९६९ मध्ये ते हंगामी राष्ट्रपती होते. १९ जुलैला १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या वटहुकुमावर सही झाली ती त्यांचीच. त्यात बँक ऑफ महाराष्ट्रही होती. ज्या बँकवाल्यांसाठी त्यांनी खुर्ची सोडली, त्यातले बरेच जण त्यांच्याच सहीने सरकारी बँकेचे कर्मचारी झाले. त्याच ऑगस्टमध्ये ते निवडून राष्ट्रपती झाले.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. मे १९७४ मध्ये पगार आणि बोनससाठी देशभर रेल्वेचा संप झाला. पुढे होतं तेच फेडरेशन, गिरींनी उभं केलेलं. सरकारने संप मोडून काढला, हजारो रेल्वे कर्मचारी तुरुंगात गेले. राष्ट्रपती भवनात तेव्हा गिरीच होते. मंत्र्याला राजीनामा देऊन बाजूला होता येतं, राष्ट्रपतीला मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालावं लागतं. कामगार पुढाऱ्याच्या आयुष्यातला हा अवघड काळ होता.

१९७५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. २४ जून १९८० रोजी मद्रासला त्यांचं निधन झालं.

मार्च २०२३ मध्ये आपल्या राज्यातले सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले, तेव्हा तालुक्याची कार्यालयं ओस पडली होती. सरकार आणि कर्मचारी यांच्यातला हा वाद जुनाच आहे. कर्मचाऱ्यांच्या बाजूने मंत्रिपद सोडणारा मंत्री मात्र त्यानंतर क्वचितच दिसला.