नेतृत्वाची अमानत : डॉ. झाकीर हुसेन यांचे विद्यार्थिजीवन

वाचकहो, आपला मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयाच्या विद्यार्थी संघात निवडून आली की घरात आनंद होतो; पण त्याबरोबर धास्तीही वाटते. अभ्यास मागे पडेल, संगत बिघडेल, हातची नोकरी जाईल, असे विचार आईवडिलांच्या मनात येतात. ही धास्ती निराधार नाही. तरीही, विद्यार्थिदशेतील नेतृत्वाने ज्यांच्या आयुष्याची दिशाच ठरवली, त्या डॉ. झाकीर हुसेन यांच्या चरित्राकडे आपण एकदा लक्षपूर्वक पाहावे.

त्यांचा जन्म 8 फेब्रुवारी 1897 रोजी हैदराबादेत झाला. कुटुंब मूळचे उत्तर प्रदेशातील कायमगंजचे. वडील वकील होते. झाकीर दहा वर्षांचे असताना त्यांचे निधन झाले. पुढे चार वर्षांनी प्लेगच्या साथीत आईचीही सावली हरपली. इटावा येथील इस्लामिया हायस्कूलमध्ये शिकलेल्या या अनाथ मुलाने डॉक्टर होण्याचे ठरवले होते. त्यासाठी तो लखनौला गेलाही. परंतु आजारपणाने ते शिक्षण खंडित झाले आणि तो अलिगढच्या मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजात दाखल झाला. अल्लाह एक दार बंद करतो तेव्हा दुसरे कुठे उघडणार आहे, हे माणसाला त्या क्षणी कळत नसते.

अलिगढला त्यांच्या वक्तृत्वाची छाप पडली. वादविवादात त्यांनी पारितोषिके मिळवली आणि सहाध्यायांनी त्यांना विद्यार्थी संघाचे उपाध्यक्ष म्हणून निवडून दिले. 1918 मध्ये पदवी घेऊन ते अर्थशास्त्र व कायदा शिकू लागले. कॉलेजात थोडे अध्यापनही करीत. विवाह झालेला होता. वकिली किंवा चांगली सरकारी नोकरी, दोन्ही आवाक्यात होत्या.

अशा वेळी ऑक्टोबर 1920 उजाडला. खिलाफत आणि असहकार चळवळीचा तो काळ. महात्मा गांधी आणि अलीबंधू अलिगढला आले व सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शिक्षणाचा त्याग करण्याचे आवाहन त्यांनी केले. कॉलेजचे चालक अनुदान सोडण्यास राजी नव्हते. विद्यार्थ्यांत दोन तट पडले. झाकीर हुसेन दिल्लीला जाऊन हकीम अजमल खान, डॉ. अन्सारी आणि मौलाना मुहम्मद अली यांना भेटले. राष्ट्रीय विचाराची स्वतंत्र संस्था काढली, तर अनेक विद्यार्थी व शिक्षक कॉलेज सोडून तिच्यात येतील, असा भरवसा त्यांनी या वडीलधाऱ्यांना दिला.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. तेवीस वर्षांच्या तरुणाने हा भरवसा एकट्याच्या नावाने दिला नव्हता, सहाध्यायांच्या वतीने दिला होता. दुसऱ्यांना घराबाहेर काढून स्वतः उंबरठ्याच्या आत राहणे त्यांना शक्य नव्हते. 29 ऑक्टोबर 1920 रोजी कॉलेजच्या मशिदीत मौलाना महमूद हसन यांच्या हस्ते जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. कायद्याची पुस्तके मिटून झाकीर हुसेन तिच्यात दाखल झाले. डॉक्टर होऊ पाहणारा, पुढे वकिलीकडे वळलेला तरुण त्या दिवसापासून शिक्षक झाला.

दिलेल्या शब्दाची खरी परीक्षा पुढे होती. 1922 मध्ये ते उच्च शिक्षणासाठी जर्मनीला गेले. तिकडे खिलाफत संपुष्टात आली, चळवळ ओसरली, पैसा आटला आणि जामिया बंद करण्याची भाषा सुरू झाली. बर्लिनहून त्यांनी आबिद हुसेन व मुहम्मद मुजीब या मित्रांसह कळवले की संस्था बंद करू नये, आम्ही परतून तिची सेवा करू. 1926 मध्ये अर्थशास्त्राची डॉक्टरेट घेऊन ते आले आणि एकोणतिसाव्या वर्षी जामियाचे कुलगुरू झाले. हकीम अजमल खान यांच्या निधनानंतर संस्थेचा आधारच गेला, तेव्हा त्यांनी व सहकाऱ्यांनी वीस वर्षे सेवा करण्याची आणि दरमहा 150 रुपयांहून अधिक वेतन न घेण्याची प्रतिज्ञा केली. प्रत्यक्षात हाती येई ते त्याहून पुष्कळ कमी.

वादविवादाच्या व्यासपीठावर लागलेली निर्भीड बोलण्याची सवयही टिकून राहिली. ऑक्टोबर 1937 मध्ये आपल्या वर्ध्याला राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. शाळेने मुलांच्या हस्तोद्योगातून आपला खर्च भागवावा, हा गांधीजींचा विचार तेथे मांडला गेला. कमाईवर फार भर दिला तर शिक्षक मुलांकडून नुसते काम काढून घेतील, हा धोका झाकीर हुसेन यांनी सर्वांसमक्ष बोलून दाखवला. तरीही मूलोद्योग शिक्षणाचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच सोपवण्यात आले. अदब राखून मतभेद मांडणाऱ्याचे वजन वाढते, ते असे.

देशाच्या फाळणीनंतर, 1948 मध्ये, ज्या अलिगढचा त्याग त्यांनी केला होता, तेथेच ते कुलगुरू म्हणून परतले आणि घाबरलेल्या, खचलेल्या विद्यापीठाला त्यांनी आठ वर्षे सावरले. त्यानंतर बिहारचे राज्यपालपद, उपराष्ट्रपतिपद आणि 1967 मध्ये राष्ट्रपतिपद त्यांच्याकडे आले. 3 मे 1969 रोजी पदावर असतानाच त्यांचा इंतकाल झाला. त्यांची कबर जामियाच्या परिसरात आहे.

पद ही अमानत आहे आणि ज्याच्या हाती माणसे सोपवली गेली त्याला त्यांच्याविषयी जाब द्यावा लागेल, ही इस्लामची शिकवण आपण मुलांना लहानपणापासून सांगतो. म्हणून तुमच्या मुलाने निवडणूक जिंकल्याची बातमी आणली, तर त्याला रागावू नका आणि पेढे वाटून मोकळेही होऊ नका. त्याला जवळ बसवून विचारा की बाळा, तू कोणाला काय शब्द दिला आहेस, आणि तो पाळताना स्वतःचे काय सोडायला तयार आहेस? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर शोधताना, कदाचित, त्याला आपल्या आयुष्याची वाटही सापडेल.