हरवलेल्या मणक्याचा हिशेब

एडवर्ड ड्रिंकर कोप या अमेरिकी शास्त्रज्ञाने छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात चौदाशेच्या आसपास शोधनिबंध लिहिले. त्यांतला ऑगस्ट १८७८ मधला एक निबंध अगदीच त्रोटक आहे. एका मणक्याचे वर्णन, काही मापे आणि एक रेखाचित्र, बस्स. पण पृथ्वीच्या पाठीवर चाललेला सर्वांत मोठा प्राणी कोणता, हा प्रश्न निघाला की आजही या निबंधाशी येऊन थांबावे लागते.

कोपचा जन्म २८ जुलै १८४० चा, फिलाडेल्फियातल्या सधन क्वेकर घराण्यातला. आई तो लहान असतानाच गेली. मुलाने शेती करावी असे वडिलांच्या मनात होते, पण या मुलाचे लक्ष पाली-सरड्यांत. अठराव्या वर्षी त्याचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला. १८६३ मध्ये बर्लिनमध्ये त्याची ओळख ऑथनिएल चार्ल्स मार्श या दुसऱ्या तरुण अमेरिकनाशी झाली. आरंभी मैत्री होती. पुढे तिचे जे वैर झाले, ते विज्ञानाच्या इतिहासात ‘हाडांचे युद्ध’ म्हणून प्रसिद्ध आहे.

कोपचा मोठा दोष म्हणजे घाई. इलॅस्मोसॉरस या लांब मानेच्या सागरी सरीसृपाचा सांगाडा जुळवताना त्याने मानेलाच शेपूट समजून डोके भलत्या टोकाला बसवले. १८७० मध्ये जोसेफ लायडी यांनी ही चूक उघड केली. कोपने छापील प्रती परत मिळवण्याची धडपड केली. पण गाजावाजा व्हायचा तो झालाच. मार्श हे कधीच विसरला नाही, आणि कोपलाही विसरू दिले नाही.

१८७५ मध्ये वडील वारले आणि सुमारे अडीच लाख डॉलर कोपच्या हाती आले. आता स्वतःच्या पैशाने तो माणसे नेमू लागला. कोलोरॅडोतील कॅन्यन सिटीजवळ ऑरामेल लुकास हा शाळामास्तर त्याच्यासाठी खोदकाम करत होता. तिथल्या एका प्राण्याला कोपने १८७७ मध्ये कॅमारासॉरस, म्हणजे कोठड्यांचा सरडा, असे नाव दिले. मणक्यांतल्या पोकळ्या पाहून दिलेले हे नाव नेमके होते. लांब मानेचे हे डायनासोर एवढे वाढले याचे एक मोठे कारण त्या पोकळ्यांतच आहे. पक्ष्यांप्रमाणे त्यांच्या शरीरात हवेच्या पिशव्या होत्या आणि त्या मणक्यांत शिरलेल्या होत्या. त्यामुळे हाड मजबूत राहूनही हलके झाले आणि दहा-दहा मीटरची मान पेलता आली. डोके लहान, अन्न न चावता गिळायचे. एका जागी उभे राहून चहूकडचा पाला ओरबाडायचा.

त्याच परिसरातून लुकासने एका मणक्याचा केवळ वरचा भाग पाठवला. त्याचीच उंची दीड मीटर. अखंड मणका सहा फुटांच्या घरात गेला असता. हाडाच्या भिंती इतक्या पातळ की कोपने नाव ठेवले अँफिसिलियस फ्रॅजिलिमस, म्हणजे अतिशय ठिसूळ.

नाव खरे ठरले. १८८० च्या दशकात न्यू मेक्सिकोतील चांदीच्या खाणींत कोपची दौलत बुडाली. १८८९ मध्ये सरकारी सर्वेक्षण खात्याने त्याच्या संग्रहावर हक्क सांगितला, तेव्हा संतापून त्याने मार्शविरुद्धची सारी भांडणे १८९० च्या जानेवारीत वर्तमानपत्रात मांडली. १८९५ मध्ये सस्तन प्राण्यांच्या जीवाश्मांचा संग्रह ३२,१४३ डॉलरना न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयाला विकावा लागला. १२ एप्रिल १८९७ रोजी, घरभर पसरलेल्या हाडांच्या सोबतीत, तो वारला. डायनासोरांची हाडे नंतर त्याच संग्रहालयात गेली. पण तो मणका काही सापडला नाही. हाडे टणक करणारी रसायने तेव्हा सर्रास वापरात नव्हती; बहुधा त्याचा भुगा झाला असावा. ज्या पोकळपणाने त्या प्राण्याला मोठे केले, त्यानेच त्याचा पुरावा नाहीसा केला.

आयुष्य बँकेत गेलेल्या माणसाला हे प्रकरण ओळखीचे वाटते. खातेवहीत मोठ्या रकमेची नोंद आहे, व्हाउचर नाही. मग नोंद खरी धरायची की नाही? २००६ मध्ये केनेथ कार्पेंटर यांनी ती खरी धरून प्राण्याची लांबी ५८ मीटर काढली. २०१४ मध्ये दोन संशोधकांनी शंका घेतली की १०५० मिलिमीटरच्या जागी चुकून १५०० छापले गेले असावे. २०१८ मध्ये कार्पेंटर यांनीच हा प्राणी वेगळ्या कुळातला ठरवला, मारापुनिसॉरस असे नवे नाव दिले आणि लांबी तीस-बत्तीस मीटरवर आणली. अर्जेंटिनातल्या पॅटागोटायटनची, जिची हाडे प्रत्यक्ष समोर आहेत, लांबी सुमारे ३७ मीटर धरली जाते.

आपल्याकडेही असे एक खाते आहे. तमिळनाडूत सापडलेल्या बृहत्कायोसॉरसचे नाव १९८० च्या दशकात जाहीर झाले. दोन मीटर लांबीचे ते पायाचे हाड पुढे भुगा होऊन गेले. २०२२ मध्ये जुनी छायाचित्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा कुठे संशय थोडा निवळला.

कोपकडे छायाचित्रही नाही. पण कार्पेंटर यांचा एक मुद्दा मला पटतो. मार्शची माणसे त्याच परिसरात वावरत होती आणि कोपची चूक पकडायला मार्श कायम टपलेला असे. इतका अवाढव्य आकडा छापून आला, तरी त्याने त्यावर कधी आक्षेप घेतला नाही. कोपच्या एवढ्या कडक हिशेबतपासनीसाने ही एक नोंद तेवढी न खोडता पुढे जाऊ दिली.