विश्लेषण : क्लेझ्मर संगीतात डेव्ह टॅरस यांनी जुन्या-नव्याचा मेळ कसा घातला?

पूर्व युरोपातील यिद्दिशभाषक ज्यूंच्या लग्नात वाजणारे ‘क्लेझ्मर’ आज जगभरच्या महोत्सवांत ऐकू येते. मात्र गेल्या शतकाच्या मध्यात अमेरिकेत ते विस्मरणात चालले होते. या चढउतारांचे साक्षीदार होते क्लॅरिनेटवादक डेव्ह टॅरस.

टॅरस कोण होते?

आजच्या युक्रेनमधील तेर्निव्का येथे १८९७च्या सुमारास क्लेझ्मर वादकांच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. पहिल्या महायुद्धात ते झारच्या सैन्याच्या बँडमध्ये होते. १९२१ मध्ये ते न्यू यॉर्कला आले, तेव्हा एलिस बेटावर सामानाच्या निर्जंतुकीकरणात त्यांची क्लॅरिनेट निकामी झाली. अमेरिकेत आपला निभाव लागणार नाही, असे वाटून त्यांनी फरच्या कारखान्यात नोकरी धरली. पण लवकरच लग्नाच्या सुपाऱ्या मिळू लागल्या.

त्यांचे वेगळेपण काय?

वाद्यातून काढलेला हुंदका, म्हणजे ‘क्रेख्त्स’, ही क्लेझ्मरची खूण. त्या काळचे नामवंत नाफ्तुले ब्रँडवाइन यांना स्वरलिपी वाचता येत नव्हती. टॅरस यांना येत होती. त्यामुळे लग्नमंडपाबरोबरच यिद्दिश रंगभूमी, रेडिओ आणि ध्वनिमुद्रिकांची दारेही त्यांना उघडली. अमेरिकी वाद्यवृंदाच्या शिस्तीत वाजवतानाही त्यांनी हुंदका सोडला नाही. ‘बुल्गार’ या नृत्यप्रकाराच्या अनेक धुना त्यांनी रचल्या.

प्रयोग का चालला नाही?

त्यांचे जावई सॅम मुझिकर जीन क्रुपा यांच्या स्विंग बँडमध्ये वाजवलेले. १९५०च्या दशकाच्या मध्यात दोघांनी ‘तांत्स’ ही ध्वनिमुद्रिका केली. त्यात बुल्गार आणि जॅझ शेजारी नांदत होते. पण ती खपली नाही. अमेरिकेत वाढलेल्या पिढीला वेगळे संगीत हवे होते आणि युरोपातील मूळ वस्त्या नाझी संहारात नष्ट झाल्या होत्या.

मग पुनरुज्जीवन कसे झाले?

१९७०च्या दशकात ब्लूग्रास संगीतातून आलेला तरुण अँडी स्टॅटमन त्यांच्याकडे शिकू लागला. १९७८ मध्ये न्यू यॉर्कमध्ये टॅरस यांची मैफल झाली. या मैफलीने क्लेझ्मरकडे पुन्हा लक्ष वेधले. १९८४ मध्ये त्यांना अमेरिकेची राष्ट्रीय वारसा फेलोशिप मिळाली. न खपलेली ‘तांत्स’ही पुढे अभिजात ठरली.

१९८९ मध्ये टॅरस गेले. आपल्या काही क्लॅरिनेट त्यांनी स्टॅटमनच्या हाती सोपवल्या. स्टॅटमनने पुढे जॅझ आणि ब्लूग्रासही वाजवले. पण आधी तो गुरूजवळ बसून जुना हुंदका शिकला होता.