सोलापुरात बोअर कुठं मारायचा, हे सांगणारी पद्धत एका टबात जन्मली होती

सोलापूर जिल्ह्यात बोअर मारायचा म्हटलं की आधी पाणाड्या येतो. तळहातावर नारळ, नाहीतर कडुलिंबाची काडी. काही जण मात्र मशीनवाल्याला बोलावतात. तो रानात एका रेषेत चार खुंट्या ठोकतो, बाहेरच्या दोनमधून वीज सोडतो, आतल्या दोनवर मोजतो. बाहेरच्या खुंट्या लांब नेत जाल तशी वीज खोल उतरते. या मांडणीचं नाव श्लंबर्जर.

कॉनराड श्लंबर्जर 1878 साली अल्सासमधल्या गेबविलरला जन्मला. घराणं कापडधंद्यातलं, सोलापूरकरांना जवळचं वाटावं असं. पण हा पॅरिसच्या खाणकाम महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवू लागला. न खणता जमिनीच्या पोटातलं कसं कळेल, हा एकच ध्यास. 1911 मध्ये त्याने तांब्याच्या टबात वाळू भरून त्यात वीज खेळवली. पुढच्या वर्षी तेच नॉर्मंडीतल्या खऱ्या जमिनीवर. मग महायुद्ध आलं आणि काम थांबलं.

1919 मध्ये वडील पॉल यांनी कॉनराड आणि धाकटा मार्सेल यांना 5 लाख फ्रँकपर्यंत पैसे देऊ केले. अट काय, तर आधी विज्ञान, नफा नंतर. व्यापारी बापाची अशी अट विरळाच!

तत्त्व सोपं आहे. कोरडा, अखंड कातळ विजेला अडवतो, पाण्याने भरलेली भेग तिला वाट देते. आपल्या काळ्या पाषाणात पाणी मिळतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि भेगांत, म्हणून ही पद्धत इथे चालते. पण चिकणमातीही विजेला वाट देते, तिथे मशीनही फसतं आणि बोअर कोरडा जातो.

5 सप्टेंबर 1927 ला पेशेलब्रॉनच्या तेलविहिरीत हेच मोजमाप पहिल्यांदा खाली उतरलं. कॉनराडचा जावई आँरी डॉल आणि त्याचे साथीदार दर मीटरला थांबून आकडा घेत होते.

रशियाच्या दौऱ्यावरून परतताना 1936 मध्ये स्टॉकहोमला कॉनराड गेला, वय 57. मुंबई हायचं तेल सापडलं 1974 ला, तेही चुनखडकात. असल्या खडकात बारीक भेगा ओळखणं फार मोलाचं, कारण तेल धावतं त्यांतूनच, आणि नको असलेलं पाणीही त्याच वाटेने घुसतं. त्यासाठी आजची उपकरणं विहिरीच्या भिंतीला टेकून वीज मोजतात आणि भिंत उलगडून पसरल्यासारखं चित्र काढतात. त्यात तिरकी भेग लाटेसारखी दिसते. लाट जितकी उंच, तितकी भेग उभी.