तळ्याच्या थेंबापासून लोकसेवेपर्यंत : वाल्देमार हाफकिन

मुंबईत परळ येथे हाफकिन संस्था आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. ज्यांचे नाव तिला दिलेले आहे, त्या वाल्देमार हाफकिन यांनी पटकी व प्लेग या दोन भयंकर रोगांवर लसी तयार केल्या. परंतु त्यांच्या संशोधनाचा आरंभ रुग्णालयात झाला नाही. तो साचलेल्या पाण्याच्या थेंबात झाला. म्हणूनच हे चरित्र विद्यार्थ्यांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटते.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात विख्यात प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांच्या हाताखाली ते शिकले. युग्लिनासारखे डबक्यात राहणारे एकपेशीय जीव हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. युग्लिना वनस्पतीप्रमाणे सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि प्राण्याप्रमाणे पोहतही जाते! बुद्धिमत्ता असूनही, स्वधर्म सोडण्यास नकार दिल्यामुळे हाफकिन यांना प्राध्यापकपद मिळाले नाही. १८८८ साली त्यांनी देश सोडला. पुढील वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ग्रंथालयातील साधी जागा मिळाली, ती त्यांनी आनंदाने पत्करली आणि उरलेला वेळ सूक्ष्मदर्शकापाशी घालविला.

तेथे त्यांनी पॅरामेशियमचा अभ्यास केला. हा जीव चपलेच्या तळव्याच्या आकाराचा व सुमारे पाव मिलिमीटर लांबीचा असतो. इतक्या चिमुकल्या प्राण्यालाही रोग होतात, त्याच्या पेशीकेंद्रात त्याहूनही सूक्ष्म जंतू वाढतात, हे हाफकिन यांनी १८९० साली प्रसिद्ध केले. त्या जंतूंना त्यांनी दिलेले होलोस्पोरा हे नाव आजही रूढ आहे.

जो जंतू पॅरामेशियमला ग्रासतो, तसाच कोणी मनुष्यालाही ग्रासतो. हाफकिन आता पटकीच्या जंतूंकडे वळले. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी आपली लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. १८९३ साली ते हिंदुस्थानात आले. पुढील वर्षी कलकत्त्याच्या एका वस्तीत तळ्याच्या पाण्यातून पटकी पसरली, तेव्हा सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर जे आजारी पडले, ते लस न घेतलेल्यांपैकी होते. तळ्याच्या पाण्यात जीवनही असते आणि मरणही, हे हाफकिन यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेगचा उद्रेक झाला. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील लहानशा जागेत हाफकिन अहोरात्र झटले आणि १० जानेवारी १८९७ रोजी नवी लसही त्यांनी प्रथम स्वतःच्याच अंगावर अजमावली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली.

परंतु यशामागून कठीण परीक्षा आली. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी लस घेतलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. दोष हाफकिन यांच्यावर ठेवला गेला आणि त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. पण मृत्यू एकाच बाटलीतील लस घेतलेल्यांचे झाले होते. ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो पुरेसा निर्जंतुक केला गेला नव्हता, असे पुराव्यावरून दिसून आले. १९०७ साली ते निर्दोष ठरले. त्यानंतर ते पुन्हा कलकत्त्यास कामावर आले, हे त्यांच्या मनाचे थोरपण होय. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रहो, पांढुर्णा व सौंसर या भागांत पावसाळ्यानंतर तळी व डबकी भरलेली असतात. मोठ्यांच्या सोबतीने रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत ते पाणी घ्या. त्यात तळाचा थोडा गाळ, एखादी पाणवनस्पती व वाळलेल्या गवताच्या चार काड्या टाका. बरणी विरळ कापडाने झाकून उजेडात, पण कडक उन्हापासून दूर ठेवा, म्हणजे तिच्यात डासही वाढणार नाहीत. आठवड्याने एक थेंब शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहा, दिसेल त्याचे चित्र काढा, तारीख लिहा आणि हात साबणाने स्वच्छ धुवा. थेंबाकडे असे धीराने पाहण्याच्या सवयीतूनच हाफकिन घडले.