बारशाला गोडाचे जेवण

20 डिसेंबरला संत गाडगेबाबांची पुण्यतिथी असते. नाताळच्या तयारीत आपण त्यांची आठवण करू या.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी परीट कुटुंबात झाला. वडिलांना दारूचे व्यसन जडले. घर खंगले, शरीर खंगले आणि डेबूजी लहान असतानाच ते वारले. आई सखूबाई मुलाला घेऊन माहेरी दापुऱ्याला गेली. तेथे मामाची गुरे राखत, शेतात राबत तो वाढला.

पुढे मुलीच्या बारशाला रीतीप्रमाणे दारू-मटणाचे जेवण द्यायचे होते. डेबूजींनी गोडाचे जेवण वाढले. भाऊबंद नाराज झाले, पण ते बधले नाहीत. 1905 साली घर सोडून त्यांनी खराटा हाती घेतला. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तनातून दारू, कर्ज आणि पशुबळी सोडायला सांगायचे. 1956 साली ते वारले.

व्यसन हा आजार आहे. दारूने यकृत खराब होते, पण बराच काळ दुखत नाही. कावीळ होऊन पोटात पाणी भरेपर्यंत उशीर झालेला असतो. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडल्यास झटके येऊ शकतात, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

आपल्या जिल्ह्यात 2015 साली दारूबंदी आली आणि 2021 साली उठली. आता बंदी आपल्याच हाती आहे. राजुऱ्यातील आपल्या घरी बाप्तिस्म्याच्या आणि नाताळच्या जेवणात बाटली नको, एवढे तरी आपण ठरवू या.